मांडीखालचे हात

कुस्तीच्या मॅटच्या कोपऱ्यात प्रशिक्षकासाठी एक प्लास्टिकची खुर्ची असते. तुम्ही शालेय स्पर्धा पाहिल्या असतील, तर त्या खुर्चीवर माणूस फारसा बसत नाही हे तुमच्याही लक्षात आलं असेल. तो उभा राहतो, ओरडतो, खुर्ची मागे कलंडते, पंच त्याला बोटाने दटावून परत बसवतो. आमचे सर मात्र बसायचे. आधी खुर्चीचे पाय नीट टेकलेत का ते हलवून बघायचे, मग बसायचे आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली सारायचे. शेवटची शिट्टी होईपर्यंत ते हात बाहेर येत नसत. नाकावर घाम आला तर नाक खांद्याला पुसायचे, पण हात नाही.

मुलींना याची मोठी गंमत वाटायची. "सर अंडी उबवतायत," असं त्या आपसात म्हणायच्या. सरांना ते माहीत होतं. "उबवू द्या," ते म्हणायचे, "तुमीच पिल्लं हाव."

मी त्यांच्या डाव्या हाताला बसायचे. मुलींच्या संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून एक बाई असावी लागते, आणि नेरूळच्या आमच्या शाळेतल्या कुठल्याच बाई शनिवार-रविवार द्यायला तयार नव्हत्या. माझी मुलगी तन्वी तेव्हा सातवीत होती. तिला सरावाला सोडायला गेले असताना सरांनी विचारलं, "ताई, तुमी काय काम करता?" शिरवण्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एका प्रयोगशाळेत मी नमुन्यांची वजनं करते आणि नोंदी ठेवते, असं सांगितलं. "किती बारीक?" मिलिग्रॅमपर्यंत, मी म्हटलं. त्यांनी आत जाऊन एक दोनशेपानी वही आणली आणि माझ्या हातात ठेवली. "मग ही तुमची."

त्या वहीत मी प्रत्येक कुस्तीचे गुण लिहीत असे. कुणाला, कितव्या मिनिटाला, कशाचे, किती. सरांचं म्हणणं, खुर्चीत बसलेल्या माणसाला आपल्या पोरीचे गुण जास्त दिसतात आणि समोरचीचे कमी. "माझ्या डोल्यांवर माझाच भरोसा नाय, ताई. आनि गुनांची पाटी पन मानसंच लावतात. तुमी लिवा." कुस्ती चालू असताना ते मान न वळवता विचारायचे, "किती?" मी वही त्यांच्याकडे वळवायची. ते खाली एक नजर टाकायचे आणि पुन्हा मॅटकडे बघायचे. चार वर्षं आमचं एवढंच बोलणं झालं म्हटलं तरी चालेल.

"किती?" हा त्यांचा सगळ्यालाच लागू पडणारा प्रश्न होता. एखादी मुलगी उशिरा आली आणि "सर, काल घरी पाहुणे आले होते, मग जेवायला उशीर झाला, मग सकाळी..." असं सुरू झाली, की ते तिला थांबवायचे. "आकडा सांग, गोष्ट नको. किती तास झोपलीस?" पाच, म्हटलं की तिला घरी पाठवायचे. शिक्षा म्हणून नाही, झोपायला.

एकदा एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी गटाच्या वजनापेक्षा नऊशे ग्रॅम जास्त भरत होती आणि स्पर्धा चार दिवसांवर होती. आई म्हणाली, "सर, दोन दिवस पाणी बंद करते तिचं. दुसरीकडे सगळे असंच करतात." सरांनी मुलीकडे बघितलं. "आज किती पानी प्यालीस?" तीन ग्लास. "अजून पाच पी. वरच्या गटात खेल." वरच्या गटात ती पहिल्याच फेरीत हरली. आई महिनाभर आमच्याशी बोलली नाही. मी वहीत तिचं वजन आणि पाण्याचे ग्लास दोन्ही लिहून ठेवले होते. का, ते मला सांगता येणार नाही.

सर शिरवणे गावातलेच. त्यांच्या वडिलांची भातशेती जिथे होती तिथे आज नवी मुंबईचा एक सेक्टर आहे. गावात त्यांची तीन मजली इमारत, तीत भाडेकरू. शाळेतली नोकरी कंत्राटी होती आणि त्यांना तिची गरज नव्हती. पण शाळेच्या तळमजल्यावरच्या कुस्तीच्या हॉलमध्ये ते रोज पहाटे साडेपाचला हजर असत. भिंतीवर जिल्ह्याची ढाल घेतलेल्या संघांचे नऊ फोटो होते, नऊ सलग वर्षांचे. प्रत्येक फोटोत मुली लाल पोशाखात.

या लाल रंगाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. कुस्तीत एक लाल आणि एक निळी असते. कोण कुठली, ते सोडतीत ठरतं. त्यामुळे प्रत्येकीकडे दोन्ही पोशाख हवेत. आमच्याकडे फक्त लाल होते. निळी बाजू आली की लाल पोशाखावरच घोट्याला निळी फीत बांधायची, जिल्हा पातळीवर तेवढं चालवून घेत. मी सरांना तीन वेळा म्हटलं, निळेही शिवून घेऊ. तिन्ही वेळा उत्तर एकच: "निला आपला नाय, ताई. लाल बगितला का समोरचीचे पाय जड होतात." एवढ्या मोजून मापून वागणाऱ्या माणसाचा हा एकच हट्ट होता, आणि आम्हा सगळ्यांनाच तो आवडायचा. मुली ते लाल कपडे घरी धुवायला सुद्धा दुसऱ्या कुणाला देत नसत.

हातांचं कोडं मला दुसऱ्या वर्षी उलगडलं. स्पर्धेहून परतताना आमची बस कळंबोलीच्या सर्कलला अडकली होती. मुली मागे झोपल्या होत्या. मी सरळ विचारलं, "सर, तुम्ही हात असे का ठेवता?"

त्यांनी खिडकीची काच सरकवली. मग म्हणाले, "सुरवातीला एक पोर होती. आतापरंतची सगल्यात चांगली. शेवटच्या पाच सेकंदात हरली. मी उठलो आनि सगल्यांसमोर तिच्या कानाखाली दिली."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवसापासून आली नाय. तीन वेला घरी गेलो. तिसऱ्या वेलेला तिच्या आईनं पानी पन विचारलं नाय." बाहेरच्या ट्रककडे बघत ते म्हणाले, "कामोठ्याला राहते आता. बाजारात दिसते. समोरून जाते, सर म्हनत नाय."

बस हलली. त्यानंतर आमच्या मुलींपैकी कुणी "अंडी" म्हटलं की मी वहीत डोकं घालायचे.

सलग नऊ वर्षं आलेली ढाल नंतर दोन वर्षं गेली. शाळेच्या व्यवस्थापनाला तळमजल्यावर संगणक कक्ष हवा होता. मुख्याध्यापिका बाई सरळ होत्या. त्यांनी सरांना आणि मला बोलावून सांगितलं, "सर, मला आत बैठकीत काहीतरी हातात घेऊन बसायला लागतं. यंदा ढाल आली तर मी हॉलसाठी भांडू शकते. नाही आली तर मी कशाच्या जोरावर बोलू?"

"ढाल येईल," सर म्हणाले. त्यांनी अशी खात्री दिलेली मी पहिल्यांदाच ऐकली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "आकडा नव्हता हातात, ताई. गोष्ट सांगितली."

त्या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेत दुपारी तीनपर्यंत हिशोब असा होता: एकच अंतिम कुस्ती शिल्लक, तन्वीची. समोर कामोठ्याच्या शाळेची मुलगी, आणि ढालीच्या शर्यतीत तीच शाळा. तन्वी जिंकली तर ढाल आमची, हरली तर त्यांची. मी बेरीज तीनदा करून बघितली. आमच्या मागच्या बाकांवर पालक बसले होते. व्यवस्थापनातले एक गृहस्थही मुद्दाम आले होते, पांढरा शर्ट, मांडीवर फोन.

सोडतीत तन्वीला निळी बाजू आली. समोरची लाल. सरांनी स्वतः वाकून तन्वीच्या घोट्याला निळी फीत बांधली, दोन गाठी मारल्या. मग खुर्ची हलवून बघितली आणि हात मांड्यांखाली सारले.

कामोठ्याच्या कोपऱ्यात एक तरुण शिक्षक होते. नुकतेच लागलेले, बहुधा खो-खोतले. ते सारखे उभे राहून "धर, धर!" एवढंच ओरडत होते.

पहिल्या दोन मिनिटांत तीन-तीन. दुसऱ्या फेरीत समोरचीने दोन घेतले, तन्वीने एक. मी लिहीत होते: चार-पाच. सरांनी विचारलं, "किती?" मी वही वळवली. चाळीस सेकंद उरले होते.

तन्वी पायात शिरली. समोरचीने पाय मागे टाकले, दोघी गोल फिरल्या, एकमेकींत अडकून खाली आल्या, आणि समोरची पाठीमागून वर. ताबा. दोन गुण तिचे. माझ्या बाजूने स्वच्छ दिसलं. पंचाने मनगटावर लाल पट्टी असलेला हात वर करून दोन बोटं दाखवली, पण त्याची पाठ पाटीच्या टेबलाकडे होती. टेबलावरच्या दोन कॉलेजच्या मुलांना दिसलं ते एवढंच, की लाल पोशाखातल्या दोन मुली एकमेकींवर पडल्यात आणि वर असलेलीच्या बुटाला निळी फीत गुंडाळली आहे. तन्वीची फीत सुटून समोरचीच्या पायाला अडकली होती. त्या मुलाने निळ्याचे आकडे उलटले. चारचे सहा.

पंचाने कुस्ती थांबवली, फीत पुन्हा तन्वीला बांधून घेतली. पाटीकडे त्याने बघितलं नाही. कामोठ्याचे शिक्षक तोवर आपल्या मुलीला पाणी दाखवून "धर" म्हणत होते. मागचे आमचे पालक उठून ओरडायला लागले, कारण पाटीवर होतं: निळी सहा, लाल पाच.

माझ्या वहीत होतं: चार, सात.

मी काही बोलले नाही. हे मला लिहायलाच हवं. अजून तीस सेकंद होते, सर माझ्यापासून हातभर अंतरावर होते, आणि मी बोलले नाही. प्रयोगशाळेत तिसऱ्या दशांश स्थळाला फरक आला तर मी सगळी तपासणी पुन्हा करायला लावते. तिथे मी पेन बंद करून मांडीवर ठेवलं आणि मॅटकडे बघत राहिले. माझ्या डोक्यात भिंतीवरचे नऊ फोटो होते, आणि मुलीचे खांदे होते, जे धापेने वरखाली होत होते.

शिट्टी झाली. पंचाने दोघींना मध्ये बोलावलं. नियम असा, की विजेतीचा हात एकदा वर उचलला की निकाल पक्का. हरकत असेल तर त्याच्या आधी, प्रशिक्षकाने हात वर करून.

"किती?" सर म्हणाले.

"पाटीवर सहा-पाच आहे."

"पाटी नको, ताई. वहीत किती?"

मी वही वळवली. वळवताना माझा अंगठा पानावर होता. लाल बाजूच्या शेवटच्या बेरजेवर. तो चुकून तिथे होता असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले.

सरांनी वहीकडे बघितलं. मग पहिल्यांदाच कुस्तीच्या वेळी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"अंगठा काढा, ताई."

मी काढला.

त्यांनी आकडा बघितला आणि तसेच बसून राहिले. मला मोजायची सवय आहे, मी मोजत होते. मॅटवर पंच पंचप्रमुखांच्या खुणेची वाट बघत होता. मागून कुणीतरी शिट्ट्या मारत होतं. पाच, सहा. सरांच्या मानेची शीर फुगली होती. आठ, नऊ. हे पुढे कुणी मला "ते तर देवमाणूस" म्हणालं की मी मुद्दाम सांगते: अकरा सेकंद लागले. त्यांनाही अकरा सेकंद लागले.

मग त्यांनी उजवा हात मांडीखालून काढला आणि वर केला.

पंचप्रमुख वाकून बघायला लागले. "काय सर? तुमचीच पोरगी पुढे आहे."

"नाय पुढे. मागं हाय. पाटी चुकली."

"अहो, हरकत कामोठ्याची हवी ना? तुम्ही तुमच्याविरुद्ध कशी घेताय?"

"त्यांना नाय दिसलं. मला दिसलं. शेवटचे दोन लालचे हायत, पंचांना इचारा."

पंचाला विचारलं. तो म्हणाला, "लालचेच दिले होते मी." पाटीवरचा मुलगा कानापर्यंत लाल झाला. आकडे उलटले गेले. चार, सात. पंचाने समोरच्या मुलीचा हात उचलला.

मागून एक बाप ओरडला, "आपलीच पोरगी पाडली राव या माणसानं!" आणखी कुणीतरी, "कामोठ्याचं किती घेतलं?" पांढऱ्या शर्टातले गृहस्थ फोन खिशात घालून उठले.

तन्वी मॅटवर उभी होती. सरांची एक रीत होती: कुस्ती संपली की आधी समोरच्या प्रशिक्षकाशी हात मिळवायचा, मग आपल्याकडे यायचं. ती तशी गेली, ओठ घट्ट मिटून. हात मिळवला. मग आमच्याकडे आली, सरांच्या समोरून सरळ पुढे गेली आणि पिशवीत तोंड घालून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिने तो झटकला. "तू लिहिलंस ना?" म्हणाली. हो, म्हटलं. "मग शेवटपर्यंत गप्प का होतीस?" या प्रश्नाला माझ्याकडे आकडाही नव्हता आणि गोष्टही.

कामोठ्याचे तरुण शिक्षक धावत आले. "सर, मला खरंच कळलं नाही."

"वही ठेवत जा," सर म्हणाले. "आनि बसत जा."

पुढचं थोडक्यात सांगते. मुख्याध्यापिका बाई बैठकीत बोलल्या, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. दिवाळीनंतर हॉल गेला. सरांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. मॅटच्या गाद्या शाळेला नकोच होत्या. त्या उचलायला एक दिवस दिला. मुली, त्यांच्या आया आणि आदल्या महिन्यात ओरडलेला तो बापसुद्धा आला. तो बाप सगळ्यात जड गाद्या उचलत होता. टेम्पो भरल्यावर सरांनी मला विचारलं, "किती?" चोवीस, मी म्हटलं. "बरोबर," ते म्हणाले, आणि रिकाम्या भिंतीकडे न बघता निघाले. फोटो त्यांनी मागितले नाहीत.

शिरवण्याच्या इमारतीखाली, भाडेकरूंच्या मोटारसायकली लागायच्या तिथे, त्यांनी गाद्या अंथरल्या. पहाटे साडेपाचला भाडेकरू आपापल्या गाड्या ढकलत बाहेर काढायचे, काहीजण कुरकुरत, काहीजण बघत थांबत. पहिले नऊ दिवस तन्वी गेली नाही. दहाव्या दिवशी स्वतःच उठून गेली. मी वही घेऊन मागून गेले.

त्या दिवशी सरांनी प्रत्येकीला एकेक पुडकं दिलं. आत निळा पोशाख होता. "सर, तुम्ही तर म्हणायचात निळा आपला नाही," एक मुलगी म्हणाली.

"म्हनायचो," ते म्हणाले. "चूक माझी होती. फीत मी बांधलेली." मग माझ्याकडे वळून, "तीन वेला सांगितलं होतं तुमी." त्यांनीही मोजलं होतं.

स्पर्धेत नाव मात्र शाळेकडूनच जातं, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर शाळेचं ओळखपत्र असलेलाच माणूस बसू शकतो. या वर्षी जिल्हा स्पर्धेला तन्वी उतरली तेव्हा शाळेचे क्रीडाशिक्षक दुसऱ्या मैदानावर क्रिकेटच्या संघाबरोबर होते. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी. तिच्या डावीकडे मी, वही घेऊन. तन्वीला निळी बाजू आली होती आणि ती निळ्या पोशाखात उभी होती.

पहिली फेरी संपली. अर्ध्या मिनिटाची विश्रांती. मी सवयीने वही उजवीकडे वळवली आणि मग ती तशीच धरून बसले.

नंतर वर बघितलं. गॅलरीच्या शेवटच्या रांगेत, पंख्याखाली, सर बसले होते. तिथे त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. ओरडले असते, उभे राहिले असते तरी चाललं असतं. त्यांचे दोन्ही हात मांड्यांखाली होते. त्यांनी हनुवटी किंचित वर केली. एवढ्या लांबूनही मला "किती?" ऐकू आल्यासारखं झालं.

मी डावा हात वर केला, दोन बोटं: आमचे दोन. मग उजवा. समोरचीचे पाच होते. पाच दाखवायला अंगठाही उघडावा लागतो. मी तो नीट उघडला.

त्यांनी मान हलवली. मग एक हात बाहेर काढला, तन्वीला दिसतील अशी दोन बोटं वर धरली, म्हणजे दोन मिनिटं बाकी आहेत, आणि हात पुन्हा जागेवर ठेवला.